एकदाच उघडणारं दार

न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांसाठी २००८ पासून पुढची बारा वर्षं दर हिवाळ्यात एक परीक्षा होत होती आणि ती देणारी मुलं चार वर्षांची होती. एखादी अनोळखी बाई मुलाला घेऊन खोलीत जायची, आईबाबा बाहेर थांबायचे. आत चित्रं समोर ठेवली जायची. प्रश्न एकदाच वाचून दाखवला जायचा, आणि मुलाने बरोबर चित्रावर बोट ठेवायचं. तासाभरात सगळं आटपायचं. नव्वद पर्सेंटाइल मिळाले, म्हणजे शंभरातल्या नव्वद मुलांच्या पुढे असलं, तर आपल्या भागातल्या ‘गिफ्टेड अँड टॅलेंटेड’, म्हणजे बुद्धिमान मुलांच्या वेगळ्या वर्गासाठी अर्ज करता यायचा. शहरभरातून मुलं घेणाऱ्या मोजक्या खास शाळांसाठी सत्त्याण्णव लागायचे, पण तिथे नव्व्याण्णव मिळवलेली मुलंच जागांपेक्षा जास्त असायची, त्यामुळे शेवटी सोडत निघायची. शहरात किंडरगार्टनला, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात जाणारी मुलं वर्षाला साधारण ६५,०००, आणि गिफ्टेड वर्गांतल्या जागा अडीच हजारांच्या आसपास.

अशा परीक्षेच्या आदल्या रात्री पालकांना झोप लागत नसेल, तर त्यांना कुणी सांगतं, ‘टेन्शन घेऊ नका, मूल हुशार असेल तर निघेल पुढे.’ हा सल्ला मला पटत नाही. पालक घाबरतात ते त्यांचं मन दुबळं आहे म्हणून नाही. समोरचं दार अरुंद आहे, ते एकदाच उघडतं, आणि त्याच्या पलीकडे काहीतरी खरोखर चांगलं ठेवलेलं आहे, हे त्यांनी अगदी अचूक ओळखलेलं असतं. त्यांच्या धडधडीवर उपाय त्यांच्या मनात शोधायचा नसतो, दारात शोधायचा असतो. लहान मुलाच्या बुद्धीची चाचणी घ्यायचीच असेल तर ती सगळ्यांची घ्या, पुन्हा पुन्हा घ्या, आणि तिच्या एका निकालावर कोणाचाही वर्ग, शाळा किंवा पुढची पाच-सहा वर्षं ठरवू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

हा प्रश्न आता फक्त न्यूयॉर्कचा नाही. न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंत आणि कॅलिफोर्नियात जिथे जिथे मराठी कुटुंबं आहेत, तिथल्या कितीतरी डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळांच्या कारभारात, पहिली-दुसरीत ‘कॉगॅट’ किंवा ‘एनएनएटी’ या बुद्धिचाचण्या घेतात. मुलं सहा-सात वर्षांची. रविवारच्या मराठी शाळेत मुलं आत ‘ये रे ये रे पावसा’ म्हणत असतात आणि बाहेर पार्किंगमध्ये चर्चा असते ती कट-ऑफची. कोणाचं मूल निवडलं गेलं, कोणत्या वर्कबुकचा उपयोग झाला, अपील करता येतं का. माणसं समंजस असतात, एकमेकांच्या मुलांवर माया करणारी असतात. तरी त्या चार-सहा आठवड्यांत त्यांच्या बोलण्यात एक ताण येतो, तो लपत नाही.

आधी मोजमापाचं बघू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी पहिली उपयोगी बुद्धिचाचणी तयार केली ती शाळेत मागे पडणारी, जास्त मदतीची गरज असलेली मुलं ओळखण्यासाठी. बुद्धी म्हणजे जन्मजात ठरलेली, न वाढणारी गोष्ट आहे या समजुतीला त्यांनी स्वतःच कडाडून विरोध केला होता. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन यांनी १९१६ मध्ये तीच चाचणी नव्याने बांधली आणि तिची दिशा फिरवली. मदत कोणाला हवी हे शोधणारं साधन वरचे कोण हे शोधू लागलं. १९२१ पासून टर्मननी कॅलिफोर्नियातली दीड हजारांहून जास्त बुद्धिमान मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. त्या निवडीच्या चाळणीत दोन मुलं गळली होती, विल्यम शॉक्ली आणि लुइस अल्वारेझ. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्या दीड हजारांपैकी एकालाही ते मिळालं नाही.

आपल्याकडे हीच चाचणी आली ती व्ही. व्ही. कामत यांच्या हातून. धारवाडला काम करताना त्यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी तिचं रूपांतर केलं. त्यांचं ‘बिने-कामत’ नाव आजही बालमानसतज्ज्ञांच्या खोल्यांत ऐकू येतं, आणि ते बहुतेक वेळा बिनेंच्या मूळ हेतूसाठीच ऐकू येतं: मुलाला शिकताना अडचण येतेय, ती कुठे आहे हे समजून घ्यायला. भाषा बदलली की प्रश्न बदलावे लागतात, उदाहरणं बदलावी लागतात, कोणत्या वयाला काय येतं हे पुन्हा तपासावं लागतं, हे कामतांनी इतक्या वर्षांपूर्वी कष्टाने करून दाखवलं. घरात मराठी बोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला इंग्रजी प्रश्न एकदाच वाचून दाखवून त्याची बुद्धी मोजली असं कोणी म्हणत असेल, तर त्याने कामतांचे हे कष्ट आठवावेत.

भाषेचा अडसर नसला तरी एक अडचण उरतेच. लहान मुलांचे हे आकडे टिकत नाहीत. हे मी मनाचं सांगत नाही. आयोवा विद्यापीठाचे डेव्हिड लोमन कॉगॅट या चाचणीच्या रचनाकारांपैकी एक. त्यांनी कॅटरिना कॉर्ब यांच्याबरोबर २००६ मध्ये दाखवून दिलं की एका इयत्तेत सगळ्यात वरच्या काही पर्सेंटाइलमध्ये असलेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुलं वर्षा-दोन वर्षांत तिथे राहत नाहीत. त्यांची बुद्धी कमी झाली असं नाही. लहान वयात वाढ उड्या मारत होते, एखादं मूल सहा महिने आधी उडी मारतं, एखादं नंतर. शिवाय कोणत्याही मोजमापात चूक असते, आणि टोकाच्या आकड्यांत नशिबाचा वाटा जास्त असतो. पुढच्या वेळी तो वाटा निघून जातो आणि आकडा सरासरीकडे सरकतो. चाचणी बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं म्हणूनच कॉगॅटच्या अहवालात गुणाबरोबर एक पट्टाही छापलेला असतो: खरा आकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही असू शकतो. पट्टा कोणी बघत नाही. पालक आकडा बघतात, आणि शाळा आकड्यावर रेघ मारते. बुद्ध्यंकासारख्या गुणांत १३० ची रेघ असेल तर १३१ आणि १२८ यांच्यात मोजमापाच्या दृष्टीने फरक सांगता येत नाही, पण एक मूल आत जातं आणि दुसरं बाहेर राहतं.

माणसांकडून होणाऱ्या चुका त्यात मिळवा. २०१३ च्या वसंतात न्यूयॉर्कची परीक्षा तपासणाऱ्या पीअर्सन कंपनीने मुलांची वयं मोजण्यात आणि गुणांचं पर्सेंटाइलमध्ये रूपांतर करण्यात चुका केल्या. ४,७०० हून जास्त मुलांना ती ज्यासाठी पात्र होती त्यासाठी अपात्र ठरवलं गेलं होतं. आपल्या मुलाचा निकाल खटकला म्हणून काही पालकांनी स्वतः वयाचं आणि गुणांचं गणित मांडून पाहिलं, तेव्हा हे उजेडात आलं. ज्यांनी गणित मांडलं नसतं त्यांच्या मुलांनी पुढे काय धरून चालायचं होतं? चार-पाच वर्षांच्या मुलाच्या घरात ‘हा त्यातला नाही’ असं एकदा ठरलं की ते घर त्याच्याकडे बघण्याची नजर बदलतं. कोणी बोलून दाखवत नाही, पण पुस्तकं आणताना, कोडी घालताना, धाकट्याशी तुलना करताना ती नजर आपलं काम करते. मला या चाचण्यांची सगळ्यात मोठी भीती हीच वाटते.

आता आपल्या लोकांच्या मनात यावेळी जी आठवण जागी होते, तिच्याकडे वळते. अमेरिकेतल्या मराठी पालकांपैकी कितीतरी जण चौथीच्या स्कॉलरशिपला बसलेले आहेत. सकाळचे जादा तास, गुरुजींनी फळ्यावर सोडवून दिलेली बुद्धिमत्तेची गणितं, तालुक्याच्या गावी केंद्र, डब्यात दशमी. पालक म्हणतात, आम्ही नाही का दिली परीक्षा, आमचं काय बिघडलं? बिघडलं नाही हे खरं. पण का बिघडलं नाही, ते बघायला हवं. ती परीक्षा नऊ-दहा वर्षांच्या मुलांची होती, शिकवलेल्या विषयांची होती, आणि मुख्य म्हणजे निकाल लागल्यावर सगळी मुलं पुन्हा त्याच वर्गात, त्याच बाकावर बसत होती. ज्याला शिष्यवृत्ती मिळाली त्याच्या घरी पेढे वाटले जात, महिन्याला थोडे पैसे येत, वर्तमानपत्रात नाव येई. ज्याला मिळाली नाही त्याचं पाचवीचं गणित सोपं केलं जात नव्हतं. सातवीला त्याला पुन्हा बसता येत होतं. ही परीक्षा चौथी-सातवीला असावी की पाचवी-आठवीला, यावर महाराष्ट्रात पुष्कळ वाद झाले. पण ती दिल्यामुळे कोणाचं दार बंद होत नव्हतं, त्यामुळे तिची भीती एका सकाळपुरती राहायची.

नवोदयची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथली भीतीही वेगळी आहे. जिल्ह्याला एक विद्यालय, सहावीला ऐंशी जागा, त्यातल्या किमान पंचाहत्तर टक्के ग्रामीण मुलांसाठी, बारावीपर्यंत राहणं-जेवण-शिक्षण मोफत, आणि ती प्रवेश परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. कोरडवाहू शेती असलेल्या घरातल्या मुलासाठी त्या दारापलीकडे काय आहे हे सांगायची गरज नाही. त्या आईबापांची धडधड मी कोणत्याही तोंडाने चुकीची म्हणणार नाही. दोन्ही परीक्षांना बसणारी मुलं तीच, गाव तेच, आई तीच. तरी एका परीक्षेला ती डबा भरून पाठवते आणि दुसरीच्या आधी देवाला नवस बोलते. मुलं आणि माणसं बदललेली नाहीत, फक्त दार बदललं आहे.

म्हणूनच भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने एक गोष्ट स्पष्ट केली, ती मला फार महत्त्वाची वाटते. कलम १३ नुसार सर्वसाधारण शाळेत प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची कोणतीही चाळणी लावता येत नाही. लावली तर पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० पर्यंत. अंमलबजावणी सगळीकडे नीट होते असं मी म्हणणार नाही. पण शाळेच्या दारात आलेल्या लहान मुलाला ‘हा रंग कोणता’ विचारून त्याला आत घ्यायचं की नाही हे ठरवणं गैर आहे, एवढं आपल्या देशाने कायद्यात लिहून ठेवलं. न्यूयॉर्कला तिथपर्यंत यायला २०२१ उजाडलं. त्या जानेवारीत शिक्षण धोरण मंडळाने आठ विरुद्ध सात मतांनी परीक्षेचा करार वाढवायला नकार दिला, आणि चार वर्षांच्या मुलांची ती परीक्षा थांबली.

इथे दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकायला हवं, कारण ते हलकं नाही. काही मुलं खरोखर फार पुढे असतात. सहाव्या वर्षी घडाघडा वाचणारं, मनातल्या मनात गुणाकार करणारं मूल अक्षरं गिरवत बसलं तर त्याचे हाल होतात. ते खोड्या काढतं, नाही तर हळूहळू गप्प होतं. त्याला त्याच्या पातळीचं काम मिळणं हा त्याचा हक्क आहे. बुद्धिमान मुलांकडे वेगळं लक्ष द्यायला हवं हे आपल्याकडे आप्पा पेंडशांनी ओळखलं, १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, १९६९ मध्ये प्रशाला काढली, आणि त्या बुद्धीचा उपयोग समाज बदलण्यासाठी व्हावा असं सांगितलं. प्रशालेचा प्रवेशही चाचणीनेच, पण पाचवीला, मूल दहा वर्षांचं झाल्यावर. त्या कामाबद्दल मला आदर आहे. गिफ्टेड वर्ग एका फटक्यात बंद करून टाका म्हणणाऱ्यांना मी विचारेन, त्या पुढे असलेल्या मुलाचं तुम्ही सोमवारपासून काय करणार? ज्यांच्याकडे पैसा आहे ते खाजगी शाळेत जातील, नाही तर उपनगरात घर घेतील. टॅक्सी चालवणाऱ्याची, किराणा दुकानात काम करणाऱ्याची हुशार मुलगी तिथेच राहील.

महापौर बिल डी ब्लासिओ यांनी २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये हे वर्ग टप्प्याटप्प्याने बंद करायची घोषणा केली. त्यानंतर आलेल्या एरिक अॅडम्स यांनी २०२२ मध्ये ती फिरवली, उलट किंडरगार्टनच्या १०० आणि तिसरीच्या १,००० जागा वाढवल्या. २०२५ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत झोहरान ममदानी यांनी किंडरगार्टनचा प्रवेशच बंद करण्याची भूमिका घेतली आणि वाद पुन्हा पेटला. ‘ठेवा’ आणि ‘काढा’ या दोन आरोळ्यांत अॅडम्सच्या निर्णयातला एक तपशील मागे पडला, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो: तिसरीच्या जागांसाठी प्रत्येक शाळेतल्या दुसरीच्या वरच्या दहा टक्के मुलांना अर्ज करण्याची संधी. प्रत्येक शाळेतल्या, म्हणजे ब्रॉन्क्समधल्या गरीब वस्तीतल्या शाळेतल्यासुद्धा. आणि वर्षभराच्या कामावरून, तासाभराच्या बोट ठेवण्यावरून नाही.

चाचणी नको असंही मी म्हणत नाही, त्याचं कारण फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत सापडतं. तिथे आधी शिक्षकांनी किंवा पालकांनी नाव सुचवलं तरच मुलाची चाचणी होत असे. साहजिकच नावं सुचवली जायची ती बोलक्या, नीटनेटक्या, ओळखीच्या घरांतल्या मुलांची. २००५ च्या सुमारास काउंटीने दुसरीतल्या सगळ्या मुलांची प्राथमिक चाचणी सुरू केली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. वंचित घरांतल्या मुलांचं गिफ्टेड ठरण्याचं प्रमाण १८० टक्क्यांनी वाढलं, आणि त्यासाठी निकष सैल करावे लागले नाहीत. ती मुलं आधीपासून तिथेच होती, त्यांच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. पुढे मंदीत पैसे कमी पडले, सगळ्यांची चाचणी आटोपती घेतली गेली, आणि दरी पुन्हा पहिल्यासारखी झाली. शिक्षकांच्या शिफारशीवर सगळं सोडणं जास्त माणुसकीचं वाटतं खरं, पण ब्रॉवर्डचा अनुभव त्याच्या उलट आहे. न्यूयॉर्कमध्ये परीक्षा थांबल्यावर किंडरगार्टनसाठी शिक्षकांची शिफारस आणि मग सोडत अशी पद्धत आली. त्याने परीक्षेची भीती गेली, पण तिची जागा ‘बाईंना आपलं मूल दिसेल का’ या भीतीने घेतली.

याच दोघांना ब्रॉवर्डमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. तिथे चौथी-पाचवीत एक जरी गिफ्टेड मूल असलं तरी शाळेने वेगळा वर्ग काढायचा, आणि उरलेल्या जागा आधीच्या वर्षी उत्तम गुण मिळवलेल्या, पण बुद्ध्यंकाची रेघ न ओलांडलेल्या मुलांनी भरायच्या, असा नियम होता. त्या वर्गाचा खरा फायदा कोणाला झाला? बुद्ध्यंक १३० च्या वर असलेल्यांच्या गुणांत फारसा फरक पडला नाही. फायदा झाला तो रेघेखाली राहिलेल्या पण मेहनतीने वर आलेल्या मुलांना, आणि त्यातही कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांना सगळ्यात जास्त. म्हणजे ज्या आकड्यासाठी चार वर्षांच्या पोराला वर्कबुकं सोडवायला बसवतात, तो आकडा या वर्गाचा उपयोग कोणाला होईल हे सांगायला पुरेसा नव्हता.

वर्कबुकांचं थोडं. चाचणीचा नमुना मुलाला एकदा दाखवावा, निळ्या-पिवळ्या आकृत्यांत पुढची कोणती येईल, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडला की कसा दिसेल, हे प्रकार त्याला पूर्ण अनोळखी नसावेत. त्यात गैर काही नाही. पण महिनोन्महिने क्लास लावणं मुलावर अन्याय आहे. तसं मिळवलेल्या जागेवर नंतर तग धरायची जबाबदारीही त्याच्याच अंगावर पडते. मुलाला खरं सांगावं: शाळेत आज काही कोडी सोडवायची आहेत, काही सुटतील, काही नाही सुटणार. निकाल त्याच्यासमोर फोनवर काकूला सांगू नये. आणि एक भावंड त्या वर्गात, दुसरं नाही असं झालं तर घरात दोघांच्या वाटणीला पुस्तकं आणि वेळ सारखाच यावा, हे आईबाबांनी डोळ्यांत तेल घालून पाहावं.

पण घरातल्या या सावधगिरीने दार रुंद होत नाही. अमेरिकेत ते रुंद करण्याची जागा म्हणजे शाळा मंडळाची बैठक, आणि तिथे आपली माणसं फार कमी दिसतात. आपण क्लासची माहिती एकमेकांना देतो, अपीलाचं पत्र कसं लिहायचं ते सांगतो, पण डिस्ट्रिक्टच्या नियमांवर बोलायला उठत नाही. तिथे विचारण्यासारखं खूप आहे. दुसरीतल्या प्रत्येक मुलाची चाचणी होते का, की फक्त ज्यांचे पालक अर्ज करतात त्यांची? चाचणी चुकली किंवा त्या दिवशी मूल तापाने फणफणलं होतं, तर पुढच्या वर्षी पुन्हा संधी आहे का? निकालाबरोबर छापलेला पट्टा निर्णय घेताना कोणी बघतं का? एखाद्या मुलाला फक्त गणितात पुढचं हवं असेल, तर सगळा वर्ग न बदलता तेवढंच मिळू शकतं का? आणि निवड न झालेल्या मुलांच्या वर्गात त्याच आठवड्यात, त्याच शिक्षिकेकडून, तितकंच अवघड एखादं कोडं येतं का? या प्रश्नांची उत्तरं लेखी मागावीत, आणि मागताना आपल्या मुलाच्या शेजारी बसणाऱ्या, ज्याच्या आईला इंग्रजी येत नाही किंवा दोन पाळ्यांमुळे बैठकीला येता येत नाही, त्या मुलासाठीही मागावीत.